माळवदाचा हिशेब: दख्खनचे सपाट छत आणि खणाखणाने वाढलेले घर

सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या प्रदेशात, म्हणजे नगर, सोलापूर, बीड, धाराशिव, लातूर या जिल्ह्यांत आणि उत्तरेस खानदेशात, शेतकऱ्याच्या घराचे छत परंपरेने सपाट असे, आणि त्यास कोठे माळवद तर कोठे धाबे म्हणत. कोकणात पाऊस इतका पडतो की उतरत्या छपराशिवाय घर टिकतच नाही. देशावरच्या कमी पावसात मात्र मातीचे सपाट छत निभावून जाई, आणि त्याच छतावर धान्य वाळवणे, सरपण ठेवणे व उन्हाळ्यात झोपणे अशा अनेक सोयी होत. हवामानामुळे असे छत शक्य झाले हे खरे असले, तरी ते शतकानुशतके टिकून राहिले याचे मोठे कारण खर्चाच्या हिशेबात आहे, कारण रोकड क्वचितच हाती येणाऱ्या कुटुंबाला थोडेथोडे करून घर वाढवण्याची मुभा या बांधणीने दिली.

या बांधणीचे माप म्हणजे खण. दोन खांबांच्या किंवा दोन तुळयांच्या मधल्या जागेला खण म्हणतात, आणि घर किती मोठे हे लांबी-रुंदीच्या आकड्यांपेक्षा ते किती खणांचे यावरून सांगितले जाई. खांबांवर आडवी तुळई, तुळयांवर कड्या म्हणजे बारीक वासे, त्यांवर फळ्या किंवा लाकडाच्या चिपा, त्यांवर पालापाचोळ्याचा थर आणि सर्वांत वर दाबून बसवलेली माती, अशी माळवदाची रचना असे. तुळई किती लांबीची मिळते यावर खोलीची रुंदी ठरे. श्रीमंतांच्या वाड्यात सागवान येई, पण सामान्य शेतकऱ्याच्या घरात बांधावरची बाभूळ किंवा कडुनिंब वापरला जाई, आणि बाभळीचे सरळ लाकूड फार लांब मिळत नसल्याने त्या घरांच्या खोल्या अरुंद राहत व लांबीच्या दिशेने वाढत जात.

घर वाढवायचे तर खर्च किती येईल, याचे उत्तर याच रचनेत दडलेले होते. पहिला खण उभारताना खांबांच्या दोन्ही रांगा नव्याने कराव्या लागत. पुढचा प्रत्येक खण जोडताना मात्र आधीची रांग उपयोगी पडे आणि एकाच नव्या रांगेचे लाकूड लागे. मुलाचे लग्न झाले, गोठ्याला जागा कमी पडू लागली किंवा भावाभावांत वाटणी झाली, की घर एका खणाने पुढे सरके. दगड ओढ्यातून किंवा स्वतःच्या रानातून येई, लाकूड बांधावरचे असे, आणि बांधकाम सुगी आटोपल्यावर व मृगाचा पाऊस येण्यापूर्वी उरकले जाई, कारण त्या काळात घरची माणसे व बैल दोन्ही मोकळे असत. माती वाहण्याचे व दाबण्याचे काम बहुधा सावडीने होई, म्हणजे शेजारी एकमेकांच्या कामाला येत आणि त्या श्रमाची परतफेड पैशाऐवजी श्रमानेच होई. रोख पैसा किंवा धान्य मोजावे लागे ते मुख्यतः सुताराला, कारण त्याच्या बलुत्यात सामान्यतः शेतीच्या अवजारांची दुरुस्ती येत असे व घराच्या नव्या कामाची मजुरी वेगळी ठरे. खिळे आणि विकतचे लाकूड हा उरलेला खर्च.

मातीच्या निवडीमागे तर मोठे व्यवहारज्ञान होते. शेतातील काळी माती पाण्याने फुगते व उन्हात भेगाळते, म्हणून ती छतासाठी निरुपयोगी. जुन्या दप्तरांत गावाचे काळी आणि पांढरी असे दोन भाग केलेले आढळतात. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या घरांची माती व राख साठून तयार झालेली ही पांढरी माती भिंतींना आणि माळवदाला वापरली जाई, आणि ओस पडलेल्या गढ्या व जुन्या वस्त्यांची टेकाडे त्यासाठी खणली जात. ही माती फुकट मिळत असली तरी तिची एक किंमत इतिहासाला चुकवावी लागली, कारण अशाच टेकाडांच्या पोटात प्राचीन वस्त्यांचे अवशेष असतात. काही भागांत माळवदावर खारी माती पसरत. तिच्यातील सोडियम क्षारांमुळे चिकणमातीचे कण ओले होताच सुटे होऊन बारीक छिद्रांत बसतात आणि पाण्याची वाट अडवतात. हे रसायन पुस्तकांत येण्याच्या कितीतरी आधी ते शेतकऱ्यांच्या हाताला ठाऊक होते, आणि ही गोष्ट मोलाची मानली पाहिजे.

असे छत उभारणे स्वस्त असले तरी ते सांभाळणे सतत चालणारे काम होते. पावसात वरचा थर धुपे, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर भेगा बुजवून त्यावर नवी माती टाकावी लागे. हा वार्षिक खर्च इतका किरकोळ असे की कोणत्याही कुटुंबाला तो जड वाटत नसे, पण गळतीच्या भीतीने जुनी माती न काढता नवी चढवली जाई आणि छताचे वजन दरवर्षी गुपचूप वाढत राही. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीवर एक फूट जाडीचा थर म्हणजे १०० घनफूट माती होते. वाळू, खडी व माती मोजण्याचे ब्रास हे माप नेमके एवढेच आहे, आणि एवढ्या मातीचे वजन साडेचार टनांच्या घरात जाते. थर दोन फुटांवर गेला की झोपलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर सुमारे नऊ टन भार येई.

हा भार खांब पेलत होते तोवर धोका मर्यादित होता. जुन्या खणाच्या घरात छत लाकडी सांगाड्यावर उभे असे आणि भिंत केवळ आडोशाचे काम करी. पण लाकूड दुर्मिळ होत गेले. ब्रिटिश मुलखातील नगर, सोलापूर, खानदेशात १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलांतील लाकडावर निर्बंध आले. मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्याने तेथे हा कायदा लागू नव्हता, तरी वाढती वस्ती व वाढती लागवड यांमुळे झाडे तेथेही कमी झाली. लाकूड महागल्यावर घर वाढवणाऱ्याने जी काटकसर केली ती खांबांत केली, कारण भिंत तर बांधावीच लागते, मग तुळई थेट भिंतीवर टेकवली की खांबांचा खर्च वाचतो. मातीत रचलेल्या, आतबाहेरचे दोन थर जोडणारे लांब दगड नसलेल्या जाड भिंतीवर अशा रीतीने टनावारी माती येऊन बसली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला, आणि लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ ते दहा हजार माणसे मरण पावली. त्या काळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत सुरक्षित अशा पहिल्या विभागात मोडत होता. नंतरच्या पाहणीत अभियंत्यांना आढळले की ज्या घरांत खांबांचा सांगाडा शाबूत होता, तेथे भिंती ढासळूनही अनेकदा छत उभे राहिले, आणि जेथे छताचा भार भिंतींवर होता तेथे दगड व माती आतल्या माणसांवर कोसळली. दोष माळवदाचा म्हणून त्याची सरसकट निंदा झाली. ती एकांगी होती, कारण परंपरेने आखलेल्या घरात खांब होते; ते वगळले होते टंचाईने. भूकंपानंतर या भागातील लोकांनी माळवदाखाली झोपणे टाळले, पुष्कळांनी ते उतरवून पत्रे घातले, आणि दगड-मातीवरचा पिढ्यांचा विश्वास एका पहाटेत संपला.

माळवदाची जागा घेऊ पाहणारे इतर पर्याय त्याआधीही होते. वाड्यांवर चुन्याची गच्ची असे, पण घाणी फिरवून मळलेला चुना आणि गच्ची अनेक दिवस ठोकून घट्ट करणारे मजूर परवडणारी घरे थोडीच होती. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला व ती कौले दूरवर पोचली. सोलापूर-लातूरकडे लोखंडी गर्डरवर शहाबादी फरशी टाकून छत करण्याची रीतही रुजली. मात्र खर्चाची रीत मुळापासून बदलली ती लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटच्या स्लॅबने. १९३० च्या दशकात मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर अशी सपाट छते उभी राहिली, १९३६ मध्ये अनेक सिमेंट कंपन्या एकत्र येऊन एसीसी स्थापन झाली, आणि पुढच्या अर्धशतकात स्लॅब हळूहळू तालुक्याच्या गावापर्यंत गेला.

स्लॅब खणाखणाने टाकता येत नाही. सांधा राहिल्यास तेथून पाणी शिरते व मजबुती घटते, म्हणून सेंट्रिंग, म्हणजे खालून दिलेला तात्पुरता आधार, सळयांची जाळी व माल यांची तयारी करून तो एका दिवसात ओतावा लागतो. मागच्या उदाहरणातील खोलीवर पाच इंची स्लॅब टाकायचा, तर एकास दोनास चार या प्रमाणात सात-आठ पोती सिमेंट आणि ऐंशी ते शंभर किलो लोखंड लागते, आणि त्याचे वजन सुमारे तीन टन भरते. म्हणजे एक फुटी माळवदापेक्षा तो हलकाच. पण यातील कोणतीही वस्तू बांधावर उगवत नाही किंवा पांढरीत सापडत नाही. सावडीच्या जागी ठेकेदाराची टोळी आली, वर्षानुवर्षे विभागलेला खर्च एका आठवड्यावर येऊन ठेपला, आणि घर वाढवण्यासाठी कर्ज काढणे जवळपास अपरिहार्य झाले.

काही काळ पैसा असूनही सिमेंट मिळत नसे. किंमत व वितरण सरकारी नियंत्रणाखाली असल्याने घरमालकाला परमिटासाठी खेटे घालावे लागत, आणि महाराष्ट्रात तर सिमेंट वाटपाच्या प्रकरणावरून ए. आर. अंतुले यांना जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्रीपद सोडावे लागले. त्याच वर्षी फेब्रुवारीत नियंत्रण अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्णतः उठले. खेड्यांतील स्लॅबच्या घरांची वाढ यानंतरची आहे, आणि किल्लारीच्या आघाताने तिला मराठवाड्यात वेग दिला.

खण जोडण्याची जुनी सवय तरीही मोडली नाही. तिची दिशा बदलली. गावठाणात बाजूला जागा उरली नाही तेव्हा घर वर वाढू लागले, आणि आज पैसा नसला तरी उद्याच्या मजल्यासाठी कॉलमच्या सळया गच्चीच्या वर हातभर मोकळ्या सोडण्याचा प्रघात पडला. या सळयांचा खर्च नगण्य असतो. दोन मजल्यांचा भार घेणाऱ्या पायाचा मात्र नसतो, आणि पाया जमिनीखाली झाकला जात असल्याने बजेट ताणले की पहिली कात्री तेथेच लागते. पूर्वी खांब वगळणाऱ्याने जशी हिशेबात न दिसणारी जोखीम घेतली, तशीच ही आहे. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात मैदानी प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपये ठरले व घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर धरले गेले. रक्कम बांधकामाच्या टप्प्यांनुसार हप्त्यांनी मिळते, आणि कुटुंबे त्यात स्वतःची बचत व उसनवारी घालून जोत्याचा आकार मंजूर नकाशापेक्षा मोठा घेतात, कारण पुढची खोली कोठे निघणार हे त्यांनी आधीच ठरवलेले असते.