उंटाचा जबडा व दंत-तंत्रिकारोध

तंत्रिकारोध म्हणजे एखाद्या तंत्रिकेजवळ संवेदनाहारक औषध टोचून तिच्या क्षेत्रातील भाग तात्पुरता बधिर करणे. एक मदार असलेल्या उंटात (शास्त्रीय नाव: कॅमेलस ड्रोमेडेरियस) दात काढताना व विशेषतः मोडलेला खालचा जबडा सांधताना ही पद्धत वापरतात.

रचना

प्रौढ उंटाला ३४ दात असतात. वरच्या जबड्यात पुढे दातांऐवजी कठीण दंतगादी असते. तेथे प्रत्येक बाजूस एकच कृंतक असून तोही सुळ्यासारखा दिसतो. खाली कृंतकांच्या तीन जोड्या असतात. पहिली उपदाढ टोकदार असून सुळा व दाढा यांमधील मोकळ्या जागेत एकटीच उभी असते. जबड्याचे हाड येथे अरुंद असते आणि या दाताच्या खोबणीमुळे ते आणखी दुबळे होते. राजस्थानात हिवाळ्यात माजावर आलेले नर एकमेकांना कडकडून चावतात, तेव्हा जबडा बहुधा याच ठिकाणी मोडतो. दोन्ही बाजू मोडल्यास पुढचा भाग लोंबतो व जनावराला चरता येत नाही. वर केवळ हिरडीचे पातळ आवरण असल्याने जखम सहसा उघडी असते व तिच्यात चारा, माती शिरते.

तंत्रिकारोध

खालच्या दातांची तंत्रिका ही त्रिमूल तंत्रिकेच्या अधोहनू शाखेची उपशाखा होय. ती जबड्याच्या उभ्या भागाच्या आतील बाजूस असलेल्या रंध्रातून हाडात शिरते. हे रंध्र बाहेरून चाचपता येत नाही. त्यामुळे त्याची जागा बाह्य खुणांवरून अंदाजून लांब सुई हाडाच्या आतील पृष्ठाला लागून सरकवतात व लिग्नोकेन सोडतात. त्याने त्या बाजूचे सर्व खालचे दात व ओठ बधिर होतात; दोन्हीकडे मोड असल्यास दोन्ही बाजूंना टोचावे लागते. हनुवटीजवळच्या रंध्रापाशी टोचणे सोपे, पण त्याचा प्रभाव पुढच्या भागापुरताच राहतो. वरच्या जबड्यासाठी नेत्रकोटराखालील रंध्र वापरतात. ते गालावर हाताला लागते.

झायलाझिनने गुंगी आणून, बसवलेल्या उंटाचे पाय बांधून दातांभोवती तारा आवळता येतात. संपूर्ण भूल टळते. उंट रवंथ करणारा असल्याने भुलीत जठरातील द्रव उलटून श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, म्हणून ही सोय मोलाची ठरते. गुंगीतही हा धोका उरतोच. त्यासाठी जनावर आधी उपाशी ठेवतात व तोंड खाली झुकवतात. जिभेची तंत्रिका रंध्राजवळूनच जाते. तीही बधिर झाल्यास उंट स्वतःची जीभ चावू शकतो. म्हणून बधिरता ओसरेपर्यंत चारा देत नाहीत.