चेहरा कोरा, मन नव्हे

घरात मृत्यू झाला तरी स्किझोफ्रेनियाचा एखादा रुग्ण निर्विकार बसून राहतो. ‘याला काही वाटतच नाही,’ असे घरचे म्हणतात. वैद्यकशास्त्राचीही सुरुवात इथूनच झाली. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ साली या आजाराची मांडणी केली, तेव्हा बोथट भावना हे ठळक लक्षण मानले. १९०८ साली स्किझोफ्रेनिया हे नाव देणारे स्वित्झर्लंडचे ऑयगेन ब्लॉयलर मात्र वर्षानुवर्षे रुग्णांच्या सहवासात राहिले होते. भावना विझलेली नसते, असे त्यांचे मत होते.

त्याचा पडताळा पुढे १९९३ साली अमेरिकेत आला. अ‍ॅन क्रिंग आणि सहकाऱ्यांनी रुग्णांना चित्रपटांतील प्रसंग दाखवले. त्यांच्या चेहऱ्यावर हावभाव कमी उमटले. पण काय वाटले ते विचारल्यावर त्यांच्या भावना इतरांइतक्याच तीव्र निघाल्या.

दुसरीही एक अडचण असते. समोरच्याचा राग, थट्टा, टोमणा ओळखणे अनेक रुग्णांना जड जाते. औषधांनी यात फारसा फरक पडत नाही; सरावाने काहीसा पडतो. म्हणून घरच्यांनी त्यांचा चेहरा पाहून निकाल देऊ नये. काय वाटते ते विचारावे आणि आपल्या मनातलेही सरळ शब्दांत सांगावे.