हजेरीपटावरचे वनशहीद

कारधा येथे वैनगंगेचा पूल ओलांडला की रस्ता लाखनी-साकोलीकडे जातो. साकोली तालुक्यातल्या पिटेझरीला नागझिऱ्याचे जंगल लागते. याच जंगलात ८ एप्रिल २०२१ रोजी आग विझवताना तीन हंगामी वनमजूर मृत्युमुखी पडले, काही गंभीर भाजले. आटोक्यात येत असलेली आग वाऱ्याने पुन्हा भडकली आणि ते तिच्या वेढ्यात सापडले.

जंगल राखताना माणूस गेला किंवा जायबंदी झाला, तर त्याच्या घरच्यांचे पुढे काय? या प्रश्नाचा इतिहास तपासताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. मदत धोक्यावरून ठरत नाही. नाव कोणत्या कागदावर आहे यावरून ठरते.

कायम वनरक्षक-वनपालांसाठी कागद पक्का आहे. १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांत कुटुंब निवृत्तिवेतन आहे, शिवाय अनुकंपा नियुक्तीची वाट आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर रुजू झालेल्यांचे हे संरक्षण नव्या अंशदायी योजनेमुळे सुटले होते. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोब्यात व्याघ्रगणनेच्या पायी सर्वेक्षणात वनरक्षक स्वाती ढुमणे वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू पावल्या, तेव्हा हा प्रश्न राज्यभर चर्चेत आला. सेवेत असताना मृत्यू झाल्यास कुटुंब निवृत्तिवेतनाचा पर्याय या कर्मचाऱ्यांना मिळाला तो २०२३ मध्ये.

हंगामी मजुराचा कागद म्हणजे हजेरीपट. फेब्रुवारीपासून पावसाळा लागेपर्यंत जाळरेषा साफ करणे, धूर दिसला की धावणे, हिरव्या फांद्यांनी किंवा ब्लोअरने आग मारणे, ही कामे तोच करतो. त्याला निवृत्तिवेतन नाही, अनुकंपा नाही. वन्यप्राण्याने मारले तर राज्याची ठरावीक अर्थसाहाय्याची योजना आहे. आगीला ती लागू नाही.

मग त्याला कायद्याचा काहीच आधार नव्हता का? होता. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कामांची यादी आहे. तीत झाडतोड आणि नदीतून लाकूड वाहून नेण्याच्या जोडीला ‘जंगलातील आग आटोक्यात आणणे वा विझवणे’ हे काम स्पष्ट शब्दांत नोंदलेले आहे. नैमित्तिक मजुराला वगळणारी अट २००० च्या दुरुस्तीने गेली. मृत्यूसाठी मासिक वेतनाची निम्मी रक्कम गुणिले वयाचा गुणक, असे सूत्र होते. २०२१ मध्ये महिना १२,००० रुपये मिळवणाऱ्या तीस वर्षांच्या मजुरासाठी ६,००० गुणिले २०७.९८, म्हणजे १२,४७,८८० रुपये होतात. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास निम्म्याऐवजी साठ टक्के. रक्कम आयुक्तांकडे जमा व्हायची; दाव्याची मुदत दोन वर्षे.

तरीही अशा दुर्घटनेनंतर गावात ऐकू येतो तो ‘सानुग्रह’ हा शब्द. त्याचा अर्थच कृपेने दिलेले. ती मदत जरूर द्यावी, तिने तेराव्याचा खर्च आणि उसनवारी भागते. पण कृपा एकदाच होते. भरपाई हा हक्क आहे, आणि हक्क मागायला मजुरीची नोंद लागते. हजेरीपटावर दिवस कमी भरले, रोज कमी लिहिला, तर गुणाकार तिथेच आकसतो. भाजलेल्याचे तर आणखी बिकट. हात वाचला, पण विळा धरता येत नाही. हे नुकसान वैद्यकीय दाखल्यात टक्केवारीने उतरले नाही, तर कागदावर ते झालेलेच नसते.

म्हणून पहिले काम साधे आहे. हजेरीपटाची आणि मजुरीच्या नोंदीची प्रत घटनेच्या आठवड्यातच कुटुंबाच्या हाती द्यावी, आणि दावा विभागानेच दाखल करावा. विधवेला साकोली-भंडारा खेटे घालायला लावू नयेत.

११ सप्टेंबर हा राष्ट्रीय वनशहीद दिन. १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडलीत अमृतादेवींसह ३६३ बिश्नोई माणसे झाडांसाठी मेली, त्यांच्या स्मृतीचा हा दिवस. त्यांपैकी एकही जण सरकारी नोकर नव्हता. ज्या दिवसाची मानवंदनाच बिनपगारी माणसांपासून सुरू होते, त्या दिवशी नागझिऱ्याच्या मजुरांचा दर्जा विचारण्याचे कारण उरत नाही.