जुन्या जीपचे पुनरुज्जीवन

जुन्या जीपचे पुनरुज्जीवन म्हणजे जीर्ण झालेली किंवा वापरातून बाद झालेली जीप सुटी करून, तिचे भाग तपासून, दुरुस्त करून अथवा बदलून ती पुन्हा रस्त्यावर व कच्च्या वाटेवर चालण्यायोग्य करण्याची प्रक्रिया होय. हे काम व्यावसायिक कार्यशाळांत होते, तसेच छंद म्हणून घराच्या अंगणातही केले जाते. जीपची रचना साधी आहे. शिडीच्या आकाराचा पोलादी सांगाडा, पाट्यांच्या कमानी, अखंड आस आणि नटबोल्टांनी जोडलेले सपाट पत्रे अशा या रचनेमुळे हे वाहन हौशी कारागिराच्या आवाक्यात राहते. भारतात प्रामुख्याने विलीज, फोर्ड आणि महिंद्रा बनावटीच्या जीपगाड्यांवर असे काम केले जाते.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याला हलके, चारही चाकांना शक्ती पुरवणारे टेहळणी वाहन हवे होते. १९४० मध्ये अमेरिकन बँटम कंपनीने त्याचा पहिला नमुना तयार केला. पुढे विलीज-ओव्हरलँड कंपनीच्या एमबी आणि फोर्ड कंपनीच्या जीपीडब्ल्यू या जवळपास एकसारख्या गाड्या १९४१ ते १९४५ या काळात सहा लाखांहून अधिक संख्येने बनल्या. एमबीच्या पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर ८० इंच (२,०३२ मिलिमीटर) होते. तिचे चार सिलिंडरचे, २,१९९ घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन सुमारे ६० अश्वशक्ती देत असे. सिलिंडरचा व्यास सुमारे ७९ मिलिमीटर आणि दट्ट्याचा प्रवास सुमारे १११ मिलिमीटर असल्यामुळे हे इंजिन कमी फेऱ्यांतही चांगला जोर लावते. वेगापेक्षा चढण आणि चिखल यांसाठीच ते घडवलेले आहे.

युद्धानंतर विलीजने नागरी वापरासाठी सीजे-२ए (१९४५), सीजे-३ए (१९४९) आणि सीजे-३बी (१९५३) ही प्रारूपे आणली. सीजे-३बीमध्ये झडपांची रचना बदललेले अधिक उंच इंजिन बसवले गेले. ते सामावण्यासाठी बॉनेट उंच करावे लागले आणि हीच त्या गाडीची ओळख ठरली.

मुंबईत १९४५ साली स्थापन झालेल्या व १९४८ पासून महिंद्रा अँड महिंद्रा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस माझगाव येथे विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे परवान्याखाली सीजे-३बीचे उत्पादन भारतात झाले आणि अमेरिकेत ते १९६८ मध्ये थांबल्यानंतरही येथे अनेक वर्षे चालू राहिले. कालांतराने पेट्रोल इंजिनाच्या जागी डिझेल इंजिने आली. त्यांपैकी प्यूजो कंपनीच्या आराखड्याचे २,११२ घन सेंटिमीटरचे इंजिन विशेष परिचित आहे. पोलीस, वनखाते, पाटबंधारे विभाग, साखर कारखाने आणि निवडणूक यंत्रणा यांच्या सेवेत या गाड्यांनी दीर्घकाळ काम केले. त्यामुळे ग्रामीण महाराष्ट्रात ‘जीप’ हा शब्द एका कंपनीचे नाव न राहता वाहनाच्या प्रकाराचे सामान्यनाम झाला.

गाडीची ओळख व निवड

भारतात विकल्या जाणाऱ्या जुन्या जीपगाड्यांपैकी अनेक गाड्या निरनिराळ्या वर्षांच्या व प्रारूपांच्या भागांपासून जुळवलेल्या असतात. सैन्याच्या आणि सरकारी खात्यांच्या लिलावातून बाहेर पडलेले भाग वर्षानुवर्षे भंगार बाजारांतून फिरत राहिले, हे त्याचे एक कारण होय. हरियाणातील मंडी डबवाली हे गाव जुन्या भागांतून जीप बांधून देण्यासाठी प्रसिद्ध आहे.

खरेदीपूर्वी पुढील बाबी तपासणे आवश्यक ठरते:

• सांगाड्यावर कोरलेला क्रमांक आणि इंजिनावरील क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी जुळतात का. क्रमांक घासलेला किंवा नव्याने ठोकलेला असल्यास ती गाडी कितीही सुबक दिसली तरी टाळावी.
• नोंदणीची मुदत, कर व पूर्वीच्या मालकांची साखळी स्पष्ट आहे का.
• गाडी मुळात चारही चाकांना शक्ती देणारी आहे की केवळ मागील. महिंद्राच्या अनेक जीपगाड्या मागील चाकांच्याच चालनाच्या होत्या.
• सांगाड्याच्या लांबपट्ट्या सरळ आहेत का. समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन्ही कर्णांची लांबी मोजली असता ती समान भरली पाहिजे.

पत्रे आणि रंग तुलनेने सहज बदलता येतात. वाकलेला सांगाडा आणि अपुरी कागदपत्रे मात्र संपूर्ण श्रम वाया घालवू शकतात.

पुनर्स्थापना आणि सुधारणा

या कामाच्या दोन दिशा आहेत. पहिली पुनर्स्थापनेची. तीत गाडी कारखान्यातून निघाली त्या वेळच्या स्वरूपात आणली जाते, आणि रंगाची छटा, बोल्टांची डोकी व दिव्यांच्या काचाही मूळच्या असाव्यात असा आग्रह असतो. दुसरी दिशा सुधारणेची. तीत जुना बांधा ठेवून ब्रेक, स्टीअरिंग, गिअरबॉक्स इत्यादी भाग नव्या काळाचे बसवले जातात. दोन्ही दिशांची गल्लत झाल्यास गाडीचे ऐतिहासिक मूल्य जाते आणि उपयुक्तताही पुरती साधत नाही. म्हणून पहिला पाना हाती घेण्यापूर्वी गाडीचा उपयोग ठरवणे हितावह असते. काढलेले मूळ भाग जपून ठेवल्यास आणि सांगाड्याला कापाकापी न करता केवळ बोल्टांनी बसणाऱ्या सुधारणा केल्यास गाडी पुढे कधीही पूर्वस्थितीत आणता येते.

कामाचे टप्पे

सुटी करणे. प्रत्येक जोडाचे छायाचित्र घेऊन, नटबोल्ट वेगवेगळ्या डब्यांत चिठ्ठ्या लावून ठेवून काम पुढे नेले जाते. गंजलेले बोल्ट भेदक तेल लावून, आवश्यक तर शेगडी किंवा गॅसच्या ज्योतीने आसपासचा भाग तापवून सोडवतात. मात्र ज्योत वापरण्यापूर्वी इंधनाची टाकी गाडीतून काढून दूर ठेवणे अनिवार्य आहे. विलीज एमबीमध्ये ही टाकी चालकाच्या आसनाखालीच असते.

सांगाडा व पत्रा. पाट्यांच्या आधारांभोवती, स्टीअरिंग बॉक्सच्या बैठकीपाशी आणि पुढील आडपट्टीजवळ तडे जाण्याची शक्यता अधिक असते. एमबीच्या तळपत्र्याखालील आडपट्ट्यांत मुळात लाकडी पट्ट्या घातलेल्या असत. त्या ओल धरून ठेवत आणि तळपत्रा आतून कुजत असे. कुजलेला भाग चांगल्या धातूपर्यंत कापून तेथे त्याच जाडीचा पत्रा वेल्डिंगने जोडतात. लांबीने भरून रंग दिलेला गंज एकदोन पावसाळ्यांत पुन्हा वर येतो. साफ केलेल्या पत्र्यावर गंजरोधक अस्तर व त्यानंतर रंग दिला जातो. कोकणासारख्या खाऱ्या व दमट हवेच्या प्रदेशात पोकळ भागांच्या आत मेण किंवा तेलाचा थर देणे उपयुक्त ठरते.

इंजिन. प्रथम प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. एखाद्या सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा बराच कमी असल्यास झडपा, कडी किंवा हेड गॅस्केट यांत दोष असू शकतो. सिलिंडर झिजले असल्यास बोअरिंग करून मोठ्या मापाचे दट्टे बसवतात. हे काम घरी होत नाही, त्यासाठी लेथ व बोअरिंगची सोय असलेल्या कार्यशाळेत जावे लागते. सध्याच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असल्यामुळे जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरमधील गॅस्केट इथेनॉल सहन करणाऱ्या पदार्थाचे बसवणे इष्ट असते.

विद्युत व्यवस्था. एमबीची मूळ व्यवस्था ६ व्होल्टची होती. ती १२ व्होल्टची करताना दिवे, भोंगा आणि इग्निशन कॉइल बदलावे लागतात, तर दर्शक यंत्रांना व्होल्टेज कमी करणारा भाग जोडावा लागतो. जुने वायरिंग कापडी वेष्टणाचे असल्यास ते पूर्ण बदलून प्रत्येक शाखेला फ्यूज देणे सुरक्षित होय. रंग दिल्यानंतर सांगाड्याशी होणारी अर्थिंगची जोडणी तुटते आणि दिवे मंद जळतात. ही सर्वत्र आढळणारी चूक असून जोडणीच्या जागेचा रंग खरवडल्यास ती दूर होते.

प्रचलित सुधारणा

ब्रेक. सर्व सुधारणांत ब्रेकचे स्थान पहिले आहे. जुन्या जीपमध्ये चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि एकाच मार्गाची द्रवव्यवस्था असते. एखादी नळी फुटली तर चारही चाकांचे ब्रेक एकाच वेळी निकामी होतात. दुहेरी मार्गाचा मास्टर सिलिंडर बसवल्यास एक मार्ग फुटला तरी दुसरा कार्यरत राहतो. ओढा ओलांडल्यावर ड्रममध्ये पाणी राहून पकड कमी होते. पुढील चाकांना डिस्क ब्रेक बसवल्यास ही अडचण बरीच कमी होते. इंजिनाची शक्ती वाढवण्यापूर्वी गाडी थांबवण्याची शक्ती वाढवावी, हा या कामातील मूलभूत नियम आहे.

टायर व गिअर. अनेकांना मोठ्या टायरांचा मोह पडतो. मूळ टायर सुमारे २८ इंच व्यासाचे असतात. सीजे प्रारूपांत आसाचे गिअर-गुणोत्तर ५.३८ असते. २८ इंची टायरांवर थेट गिअरमध्ये ताशी ८० किलोमीटर वेगाला इंजिन मिनिटाला सुमारे ३,२०० फेरे घेते. ३१ इंची टायर लावल्यास फेरे सुमारे २,९०० होतात आणि इंजिनाला आराम मिळतो. परंतु चढणीवरचा जोर त्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे दहा टक्क्यांनी, घटतो. वेगमापकावर ताशी ६० किलोमीटर दिसत असताना प्रत्यक्ष वेग ६६ च्या पुढे असतो. शिवाय ब्रेक, चाकांचे बेअरिंग आणि स्टीअरिंग यांवर अधिक ताण येतो.

चारचाकी चालन. जुन्या जीपमध्ये पुढील व मागील आसांदरम्यान डिफरन्शियल नसतो. त्यामुळे पुढील चाकांचे चालन कोरड्या, कठीण रस्त्यावर जोडू नये. वळताना दोन्ही आसांच्या वेगात पडणारा फरक जिरण्यास वाव न मिळाल्याने गिअर व सांध्यांवर ताण साचतो. चिखल, वाळू किंवा सैल मातीत चाके किंचित घसरू शकत असल्याने हा ताण राहत नाही. मागील चाकांच्या जीपचे रूपांतर चारचाकी चालनात करण्यासाठी पुढील आस, ट्रान्स्फर केस आणि पुढील शाफ्ट बसवावा लागतो. त्या वेळी पुढील व मागील आसांचे गुणोत्तर सारखे असणे आवश्यक आहे.

पाण्यातून जाण्याची तयारी. तापलेली आस थंड पाण्यात शिरली की आतील हवा आकुंचन पावते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. आसाच्या श्वसननळ्या उंचावर नेल्यास हे टळते. प्रत्येक ओलांडणीनंतर आसाचे तेल तपासावे. ते दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे असे समजून तेल बदलावे.

सुरक्षितता

केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. सांगाड्याखाली भक्कम पोलादी घोडे लावावेत. जुन्या ब्रेक शूजमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ड्रममधील धूळ हवेच्या झोताने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी. रिकामी दिसणारी पेट्रोलची टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते, कारण आतील वाफ व हवा यांचे मिश्रण ठिणगीने स्फोट पावू शकते. टाकीचे वेल्डिंग तज्ज्ञाकडूनच करून घ्यावे. विद्युत कामापूर्वी बॅटरीची जोडणी सोडावी.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत होतील असे फेरबदल करण्यास मनाई आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात या तरतुदीचा काटेकोर अर्थ उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. इंजिन बदलल्यास त्याची नोंद परिवहन कार्यालयात करून घेणे बंधनकारक आहे. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षे वैध असते. त्यानंतर तपासणीअंती ती पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकृत होते.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम लागू केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली आणि सांगाडा, बांधा किंवा इंजिन यांत मोठे फेरबदल न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यांत मोडतात. नवीन नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आणि मुदत १० वर्षे आहे. अशी गाडी प्रदर्शन, संशोधन, फेरी, देखभाल आणि इंधन भरणे एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. साहजिकच डिझेल इंजिन बसवलेल्या मूळच्या पेट्रोल जीपला ही सवलत मिळणे कठीण होते. पुनर्स्थापना की सुधारणा हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नसून कायद्याचाही आहे, तो यामुळेच.

महत्त्व

जुन्या जीपमध्ये संगणकीय नियंत्रण नसते. प्रत्येक क्रिया डोळ्यांना दिसते व हाताला कळते. त्यामुळे अभियांत्रिकीच्या आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या विद्यार्थ्यांना अंतर्ज्वलन इंजिन, गिअर व द्रवदाब यांची तत्त्वे समजून घेण्यासाठी हे वाहन उत्तम साधन ठरते. या गाड्यांवर काम केलेल्या जुन्या मिस्त्रींचे ज्ञान बहुतांशी लेखी स्वरूपात नाही, ते हाताखाली काम करूनच पुढच्या पिढीकडे जाते. अंगणातील एखाद्या जीपचे पुनरुज्जीवन होते तेव्हा यंत्राबरोबर हे कौशल्यही टिकते.

हेही पाहा

• विलीज एमबी
• महिंद्रा अँड महिंद्रा
• व्हिंटेज मोटारगाडी
• मोटार वाहन अधिनियम, १९८८