धुतल्या कपड्याची खाज

बिब्ब्याचा रस एकदा कापडात मुरला की भट्टीतल्या खारानेही निघत नाही. धोब्यांना तो सोयीचा वाटला तो याच गुणामुळे. दहा घरांचे कपडे एका भट्टीत पडत. कोणता सदरा कुणाचा हे कळावे म्हणून कॉलरच्या आतल्या बाजूला किंवा धोतराच्या काठाशी घराची खूण असे: दोन ठिपके, एक आडवी रेघ, एखादा त्रिकोण. बिब्ब्याला टोचून रस काढायचा, काडीने खूण करायची आणि वरून चुना लावायचा, की ती काळीकुळकुळीत आणि कायमची होई. झाडाचे शास्त्रीय नाव सेमेकार्पस ॲनाकार्डियम. त्यातल्या पहिल्या शब्दाचा ग्रीक अर्थच ‘खुणेचे फळ’ असा आहे.

हा रस अंगावर उततो, हे महाराष्ट्राच्या खेड्यात कुणाला सांगावे लागत नाही. बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायकांच्या हातांवर त्याचे डाग आणि चट्टे दिसतात, आणि ‘बिब्बा घालणे’ हा वाक्प्रचार चांगल्या कामाची नासाडी करण्यासाठी रूढ आहे. बिब्बा आंबा-काजूच्या कुळातला. अमेरिकेतली पॉयझन आयव्ही ही वेलही त्याच कुळातली, आणि दोन्हींमधली दाहक द्रव्ये एकमेकांच्या फार जवळची. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांना हे नाते अंगावर कळले. कपडे धोब्याकडून आले की मानेवर, कमरेवर लाल, खाजरे, पाण्याने भरलेले चट्टे उठत, तेही नेमके जिथे खूण टेकते तिथे. १९४३ साली अमेरिकी डॉक्टरांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात या विकाराची नोंद केली ती ‘धोबी मार्क डर्माटायटिस’ या नावाने. इथे दोषी वस्तू डोळ्यांना दिसत होती, तिच्यावर बोट ठेवता येत होते. ‘धोबी इच’ हे नाव त्याहून जुने आणि अन्यायाचे. जांघेतले ते गजकर्ण बुरशीने होते, पण गोऱ्या सैनिकांनी त्याचे खापर फोडले धोब्यावर.

खूण नसलेल्या कपड्याचे काय, हा प्रश्न ऑस्ट्रेलियातल्या एका खटल्यात निघाला. १९३१ साली ॲडलेडच्या डॉ. रिचर्ड ग्रँट यांनी दुकानातून लोकरीचे अंतर्वस्त्र घेतले आणि न धुता घातले. काही तासांतच घोट्यांना खाज सुटली. ती अंगभर पसरली, आणि डॉक्टर कित्येक आठवडे अंथरुणाला खिळले. लोकर आटू नये म्हणून गिरणीत तिच्यावर क्लोरीनयुक्त द्रव्याची प्रक्रिया होई, मग क्लोरीन मारण्यासाठी बायसल्फाइट वापरले जाई, आणि शेवटी ते धुऊन काढले जाई. या नगात सल्फाइट उरले होते, आणि घामाशी गाठ पडल्यावर ते चावू लागले. कंपनीचा बचाव आजच्या वाचकालाही ओळखीचा वाटेल: लाखो नग विकले, तक्रार कुणाचीच नाही; या गृहस्थांची कातडीच नाजूक. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने ग्रँट यांच्या बाजूने निकाल दिला, ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने तो फिरवला. १९३५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने पहिला निकाल पुन्हा कायम केला. लॉर्ड राइट यांच्या निकालाचा गाभा असा, की जास्तीचे सल्फाइट कापडात राहिले यावरूनच कुणाची तरी हयगय झाली असे मानता येते. कोणत्या कामगाराची, हे गिऱ्हाइकाने शोधून दाखवायचे नाही. ब्रिटिश हिंदुस्थानातली शेवटची अपीलेही त्या वेळी याच प्रिव्ही कौन्सिलकडे जात.

घरची धुलाई तोवर साबणाच्या वडीवर आली होती. लिव्हर ब्रदर्सचा सनलाइट साबण १८८८ साली कोलकात्याच्या बंदरात उतरला, पुढे टाटांचा ५०१ बार मोरीत आणि नदीच्या घाटावर दिसू लागला. डिटर्जंट पावडर मात्र १९५९ मध्ये सर्फबरोबर आली आणि ती मुख्यतः बऱ्या परिस्थितीच्या घरांत राहिली. १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी निरमा घरोघरी विकायला सुरुवात केली, तेव्हा पावडर बादलीबादलीत पोहोचली. स्वस्त पावडरीत सोडा ॲशचा भर मोठा असे. त्वचेची आम्लता सुमारे ५ पीएचची, सोड्याच्या पाण्याचा पीएच ११ च्या आसपास. वॉशिंग मशीनच्या देशांत हे पाणी यंत्राच्या पोटात राहते; इथे कोपरापर्यंत हात घालून बायका, मोलकरणी आणि परीट त्यात तासन्‌तास काम करत. बोटांच्या बेचक्यांतल्या भेगा, अंगठीखालचा ओला चट्टा, सोलवटलेली पेरे यांना बहुतेक घरांत ‘साबणाची ॲलर्जी’ म्हणतात. वैद्यकाच्या भाषेत त्यातल्या पुष्कळ प्रकरणांत ॲलर्जी नसतेच. तो सरळ दाह असतो, पुरेसा सोडा आणि पुरेसा वेळ मिळाला की कुणालाही होईल असा. खरी ॲलर्जी माणूस निवडून घेते. शरीर एखाद्या द्रव्याची, बहुधा सुगंधातल्या किंवा टिकाऊपणासाठी घातलेल्या रसायनाची ओळख ठेवते आणि पुढे त्याच्या कणभर अंशानेही पेटते. ते द्रव्य शोधण्यासाठी पाठीवर पट्ट्या चिकटवून दोन दिवसांनी बघण्याची चाचणी योझेफ याडासोन यांनी १८९५ मध्येच मांडली होती.

ज्या घटकावर सर्वात मोठे वादळ उठले तो मात्र वेगळाच. रक्ताचे, अंड्याचे, घामाचे डाग प्रथिनांचे असतात आणि प्रथिने तोडणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, ते सोडवतात. जर्मनीत ओटो र्‍योम यांनी १९१३ मध्ये जनावरांच्या स्वादुपिंडातली विकरे धुलाईत आणली. जिवाणूंपासून काढलेली टिकाऊ विकरे १९६० च्या दशकात पावडरीत आली. पहिली किंमत गिऱ्हाइकाने नव्हे, कारखान्यातल्या कामगाराने मोजली. १९६९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटिश कामगारांच्या दम्यासारख्या विकाराचे अहवाल आले, कारण होते हवेत उडणारी विकराची भुकटी. उद्योगाने मग विकराच्या कणांवर लेप चढवून भुकटी कमी केली. घरात वापरणाऱ्याला धोका किती, ही शंका तरीही गेली नाही. १९८३ मध्ये ब्रिटनमध्ये लिव्हर ब्रदर्सने पर्सिल पावडर विकरयुक्त केली, तेव्हा अंगाला खाज सुटल्याच्या तक्रारींचा इतका गदारोळ झाला की विकराविना पावडर पुढच्याच वर्षी परत आणावी लागली. २००८ मध्ये उपलब्ध अभ्यासांच्या आढाव्यात विकरांमुळे घरगुती वापरात त्वचाविकार होतात याला आधार सापडला नाही. ‘नॉन-बायो’, म्हणजे विकराविना, पावडर मात्र ब्रिटनच्या दुकानांत आजही खपते. कंपनीला गिऱ्हाइकांनी दिलेला हा धडा शास्त्राच्या कसोटीवर कच्चा आणि बाजाराच्या कसोटीवर पक्का ठरला.

तक्रार खरी की खोटी हे ठरवायला आधी खोक्यात काय आहे ते कळावे लागते. युरोपीय संघाच्या २००४ च्या डिटर्जंट नियमाने, तो २००५ मध्ये लागू झाला, विकरे आणि टिकाऊ द्रव्ये यांचा उल्लेख वेष्टनावर सक्तीचा केला. ठरावीक सुगंधी द्रव्ये ०.०१ टक्क्यापेक्षा जास्त असतील तर त्यांची नावे द्यावी लागतात, आणि डॉक्टरने मागितल्यास उत्पादकाला पूर्ण घटकयादी पुरवावी लागते. भारतात पाकीटबंद मालाच्या २०११ च्या नियमांत वजन, किंमत, उत्पादकाचा पत्ता आणि तक्रारीचा संपर्क यांची सक्ती आहे. कपड्यांच्या पावडरीतल्या घटकांची अशी यादी त्यात मागितलेली नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, तो जुलै २०२० मध्ये अमलात आला, सदोष वस्तूबद्दल आणि पुरेशी सूचना न दिल्याबद्दल उत्पादकाला जबाबदार धरले. सर्वांना ठाऊक असलेल्या धोक्याची सूचना देण्यातून मात्र त्याच कायद्याने त्याला सूट दिली. सोडा हाताला लागतो, ही गोष्ट त्या सुटीत सहज बसेल. सुगंधात मिसळलेले, नावही न छापलेले द्रव्य तिच्यात बसवणे अवघड आहे.