पंडित म्हणून बोलणार की राजा म्हणून?

नागसेनवनात रोज हजारो पोरं येतात-जातात. त्यातल्या किती जणांनी विचारलं असेल, की हा नागसेन कोण आणि हा मिलिंद कोण? 1950 साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादेत कॉलेज काढलं. 1 सप्टेंबर 1951 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढं कॉलेजला नाव मिळालं ते मिलिंद. म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. त्याचा भिक्खू नागसेनाशी झालेला वाद ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहे. आपल्या कॉलेजचं नावच मुळी एका संवादाचं नाव आहे.

हे आज सांगायचं कारण असं. हल्ली कुठं अत्याचार झाला, की चार सभ्य माणसं येतात आणि म्हणतात, संघर्ष पुरे, आता संवाद करा. आपल्यातलेही काही जण माना डोलावतात. काही जण उलट टोकाला जातात, बोलणंच नको म्हणतात. दोस्तहो, दोन्ही घाई आहे. ग्रंथात वाद सुरू होण्याआधी नागसेन राजाला एक अट घालतो. तू पंडितासारखा बोलणार असशील तर बोलू, राजासारखा बोलणार असशील तर नाही. पंडितांच्या वादात चूक दाखवली तर ती कबूल करतात, रागावत नाहीत. राजाच्या वादात जो असहमत, त्याला शिक्षा. मिलिंदानं अट मान्य केली, मगच बोलणं सुरू झालं. या एका अटीवर आपला सगळा इतिहास तपासून बघावा.

नाशिकचा काळाराम घ्या. 2 मार्च 1930 ला सत्याग्रह सुरू झाला. रामनवमी आली तशी तडजोड ठरली, की रथ दोन्हीकडच्या माणसांनी मिळून ओढायचा. हा संवादच होता की! प्रत्यक्षात रथ पळवून नेला आणि आपल्या माणसांवर दगड पडले. शब्द देणाऱ्याला तो मोडल्याचं काहीच मोजावं लागत नसेल, तर त्या शब्दाला तडजोड तरी कशाला म्हणायचं?

1932 च्या नोव्हेंबरात बाबासाहेब विलायतेला निघाले होते. बोटीवरून त्यांनी ठक्करबाप्पांना एक लांब पत्र लिहिलं. पुणे करारानंतर निघालेला अस्पृश्यता निवारणाचा संघ, म्हणजे पुढचा हरिजन सेवक संघ, त्यानं काय करावं याचं ते पत्र. विहीर, शाळा, चावडी, सार्वजनिक वाहनं इथं हक्क बजावण्याची मोहीम काढा, त्यात मारामाऱ्या होतील, त्याही सोसा. त्याच पत्रात पुढं म्हटलंय, सवर्णांनी अस्पृश्यांना घरात घ्यावं, पाहुणा म्हणून किंवा नोकर म्हणून, सहवास वाढावा. म्हणजे बाबासाहेब बोलण्याचालण्याच्या विरोधात नव्हतेच. त्यांचं म्हणणं एवढंच, की नुसत्या उपदेशानं सवर्ण माणूस विचाराला लागत नाही, अडचण उभी राहिली की लागतो. पत्राची पोच सुद्धा आली नाही. 1936 ला लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं तर भाषणाला बोलावून, भाषण वाचल्यावर परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी पदरच्या खर्चानं दीड हजार प्रती छापल्या. बोलवायचं, पण आपल्याला झेपेल तेवढंच बोलू द्यायचं, हा राजाचाच वाद.

आता आपल्या दारातलं बघू. 27 जुलै 1978 ला विधिमंडळानं ठराव केला, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचं. त्यापूर्वी चर्चा, निवेदनं, ठराव सगळं झालं होतं. विरोधकांची भाषाही सभ्य होती: बाबासाहेबांना विरोध नाही, मराठवाडा या नावात हैदराबाद मुक्तिसंग्रामाची अस्मिता आहे. या मुद्द्यावर पंडितासारखं बोलता आलं असतं. मराठवाड्याच्या मुक्तीत आपलीही माणसं होती, आणि इथं उच्च शिक्षण आणणाऱ्यांत बाबासाहेब होते, हे मांडता आलं असतं. पण ठरावानंतर उत्तर आलं ते रॉकेलनं. शेकडो गावांत वस्त्या जळल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत मातंग समाजाचे पोचिराम कांबळे यांना मारलं. विद्यापीठाची पायरी कधी न चढलेली माणसं विद्यापीठाच्या नावासाठी मेली.

मग सोळा वर्षं. लाँग मार्च, तुरुंग, लाठ्या. 1993 च्या नोव्हेंबरात नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं. 14 जानेवारी 1994 ला नामांतराचा नामविस्तार झाला, बाबासाहेबांचं नावही आणि मराठवाडाही. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला नांदेडचं वेगळं विद्यापीठ निघालं. याला कुणी समन्वय म्हणतात. मी म्हणेन, पुढाऱ्यांनी केलेला हिशेब. ज्यांची घरं जळली त्यांना त्या बैठकीत कुणी विचारलं? तरी ते नाव कमानीवर लागलं हे खरं, आणि ते बोलण्यानं नव्हे, रस्त्यावरच्या दमानं लागलं.

सगळेच सवर्ण एका माळेचे मणी नव्हते, हेही लिहून ठेवलं पाहिजे. एस. एम. जोशी नामांतराच्या बाजूनं उभे राहिले. बाबा आढावांनी 1972 पासून ‘एक गाव एक पाणवठा’साठी गावोगाव पायपीट केली. तिथं संवाद चावडीवर नव्हता, विहिरीच्या काठावर होता, हातात पोहरा घेऊन. म्हणून तो मला खरा वाटतो. त्यातली अडचणही खरी: कार्यकर्ता संध्याकाळच्या एस.टी.नं परत जातो, वस्ती तिथंच राहते, आणि दुसऱ्या दिवशी मजुरी त्याच पाटलाच्या शेतात मागायची असते. पोट ज्याच्या हातात त्याच्याशी पंडितासारखं बोलायचं कसं?

जगाशी मात्र आपण बोललोय. 1946 ला बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं, नीग्रोंनी युनोकडं केलेल्या अर्जाची चौकशी केली. डु बॉइस यांचं उत्तर आलं. अमेरिकेत शिकून आलेले डॉ. म. ना. वानखेडे इथंच मिलिंदमध्ये काळ्यांच्या साहित्याबद्दल पोरांशी बोलत. 1972 ला मुंबईत पँथर निघाली तीही ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. जात म्हणजे वंश नव्हे हे बाबासाहेबांनी ठासून लिहिलंय, ते विसरू नका. पण 2001 ला दर्बानच्या वंशवादविरोधी परिषदेत आपल्या सरकारनं नेमका हाच मुद्दा ढालीसारखा पुढं केला, आणि जातीचा विषय नको म्हणाले. अत्याचार सारखा दिसत असताना शब्दावरून दार लावायचं!

म्हणून पुढच्या वेळी ठाण्यात शांतता समितीचं बोलावणं आलं तर जा, पण बसायच्या आधी विचारा. फिर्याद मागं घेण्याची अट आहे का? असेल तर उठा, अॅट्रॉसिटीचा गुन्हा मिटवायचा अधिकार गावच्या पंचांना नाही. बहिष्कार उठला का? दळण, दुकान, मजुरी सुरू झाली का? ज्या बाईवर हात टाकला ती खुर्चीवर बसणार आहे, की दाराशी उभी राहणार आहे? आणि बोललेलं कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या होणार का? एवढं झालं तर चहा घ्या, आपल्याच कपातून नव्हे, त्यांच्याच कपातून.