गिधाडं, डायक्लोफेनॅक आणि आपली किडनी

द्राक्षबागांची छाटणी सुरू झाली की ओझरच्या आसपासच्या गावांतून पाठ, खांदे, मनगटं धरलेले रुग्ण येऊ लागतात. आधी काय औषध घेतलं असं विचारलं की उत्तर बहुधा ठरलेलं असतं: "मेडिकलवरून गोळी आणली होती. एकीनं राहिलं नाही, म्हणून दोन-दोन घेतल्या." डॉक्टरांनी पाच दिवसांसाठी लिहून दिलेली चिठ्ठी कधीकधी पाच महिने चालते. अशा वेळी मी गिधाडांची गोष्ट सांगतो. आज तुम्हालाही सांगतो.

घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. पूर्वी गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की बघता बघता आकाशातून गिधाडं उतरायची आणि हाडांचा सांगाडा तेवढा मागे ठेवायची. १९९०च्या दशकात ही गिधाडं दिसेनाशी होऊ लागली. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव उद्यानात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांच्या हे लक्षात आलं. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली.

आधी एखाद्या साथीच्या रोगाचा संशय होता. उत्तर मिळालं २००४ साली. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात मेलेली गिधाडं तपासली. त्यांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या आणि आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर साचला होता. कारण होतं डायक्लोफेनॅक, म्हणजे आपल्याकडे सर्रास घेतली जाणारी वेदनाशामक गोळी. गुराढोरांच्या सुजेवर आणि दुखण्यावर तेच औषध दिलं जायचं. औषध अंगात असताना जनावर मेलं, की ते मांस खाणारी गिधाडंही काही दिवसांत मरायची.

भारतात २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. पण माणसांसाठीच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जात राहिल्या. अखेर २०१५ साली माणसांसाठीची बाटली एका मात्रेपुरती, ३ मिलिलिटरची करावी लागली. आपल्या जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर अंजनेरीच्या कड्यांवर आजही लांब चोचीची गिधाडं घरटी करतात.

आता एक गोष्ट स्पष्ट करतो. माणूस म्हणजे गिधाड नव्हे. आपलं शरीर हे औषध बऱ्याच अंशी पचवून बाहेर टाकू शकतं, म्हणून ठरलेल्या मात्रेत ते उपयोगी आहे. पण ठरलेल्या मात्रेपेक्षा जास्त, रोज आणि महिनोन् महिने घेतलं, तर वेदनाशामकांचा मार माणसाच्या किडनीवरही बसतो. त्याचाही इतिहास आहे.

१९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत स्वीडनमधल्या हुस्क्वार्ना या कारखान्याच्या गावात एका डॉक्टरांनी दुखण्यावर एक पूड लिहून दिली. तिच्यात फेनॅसेटिन हे वेदनाशामक आणि कॅफीन होतं. साथ ओसरली, तरी कामगार ती पूड घेतच राहिले. अंगदुखी थांबते, तरतरी येते, काम उरकतं, असा त्यांचा अनुभव होता. पुढे त्या गावात किडनीच्या आजारानं दगावणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. १९५३ साली स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनीही अशी औषधं सतत घेणाऱ्यांच्या किडन्या खराब झाल्याचं नोंदवलं. भारतात फेनॅसेटिनवर १९८३ साली बंदी आली. या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाचं हे वाटतं, की ते कामगार व्यसनी नव्हते. आपल्यासारखेच कष्टकरी होते आणि त्यांना फक्त उद्या कामावर जायचं होतं.

हे घडतं कसं? शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. त्यांच्यामुळे सूज येते आणि दुखतं, पण जठराचं अस्तर तीच जपतात आणि किडनीकडचा रक्तपुरवठाही तीच सांभाळतात. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या ही द्रव्यं कमी करतात. दुखणं कमी होतं, पण सोबतचं संरक्षणही कमी होतं. एका मर्यादेपुढे मात्रा वाढवली तर दुखण्याला फारसा जास्त आराम पडत नाही, अपाय मात्र वाढत जातो. उन्हात घाम गाळून अंगातलं पाणी कमी झालेलं असेल, वय जास्त असेल, मधुमेह असेल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर धोका आणखी वाढतो. आणि किडनी सुरुवातीला दुखत नाही, त्यामुळे बिघाड उशिरा कळतो.

म्हणून एवढं पाळा:

एका गोळीनं राहिलं नाही, तर दुसरी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. प्रौढांसाठी डायक्लोफेनॅकची दिवसाची मर्यादा साधारण १५० मिलिग्रॅम असते आणि अनेकांसाठी त्याहून कमी.

दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत एकच औषध असू शकतं. पाकिटावरचं औषधाचं नाव वाचा किंवा वाचून घ्या.

"मग पॅरासिटामॉल कितीही चालेल" हाही गैरसमज आहे. जास्त मात्रा यकृत निकामी करू शकते.

लघवी कमी होणं, पाय किंवा चेहरा सुजणं, डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी यांपैकी काहीही दिसलं तर गोळी बंद करा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्त पडत असेल तर थेट मोठ्या रुग्णालयात जा.

आणि महिनोन् महिने गोळ्या घेत असाल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. आम्ही रागावण्यासाठी विचारत नाही. क्रिएटिनिनची एक साधी रक्ततपासणी केली, तर किडनीचं काम कसं चाललंय याचा अंदाज येतो आणि वेळेत कळलं तर पुष्कळ काही वाचवता येतं.